ओवरीतला उजेड

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे बारा प्रिंट परवा पोचले. फ्रान्समधल्या म्वासाकच्या मठात तू सकाळपासून ठाण मांडून बसलीस, तुलूझला परतायची गाडी चुकवलीस, आणि एवढं करून चौक धरावा तर ओवरी काळी ठिक्कर, ओवरी धरावी तर चौक पांढराफटक. ‘सर, माझं नेमकं काय चुकतंय?’ हे वाचलं, ताट बाजूला सारलं आणि बाराही प्रिंट जेवणाच्या टेबलावर मांडून बघत बसलो.

तुझं काही चुकलेलं नाही. १८५१ साली गुस्ताव्ह ल ग्रे आणि ओग्युस्त मेस्त्राल हे दोघे फोटोग्राफर याच चौकात कॅमेरा लावून उभे होते आणि त्यांच्यापुढेही हाच पेच होता. त्यांच्याकडे उजेड मोजणारा मीटर नव्हता, फिल्म नव्हती, एन्लार्जरही नव्हता. तरी त्यांनी काढलेला म्वासाकचा चौक आज आपल्याला बघायला मिळतो. तू म्हणतेस तुला ‘त्या जुन्या फोटोंसारखं’ काम करायचंय. तर आधी ते फोटो कसे झाले हे हाताला कळू दे. माझं सांगणं एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याच्याच खुलाशासाठी.

क्लॉइस्टर या शब्दाला मी ओवरी म्हणतो, वर्गात तुम्ही हसायचात. पण आपल्या देवळांच्या आवारात यात्रेकरूंसाठी असतात त्या ओवऱ्या, किंवा जुन्या वाड्याचा चौक आणि त्याला वेढणारा सोपा, यांच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. मधे उघडं आकाश, चारी बाजूंना खांबांची रांग, वर छप्पर, आणि मागे भिक्षूंचं सभागृह, जेवणघर, निजायची जागा. पाऊस असो, ऊन असो, त्यांनी वाचत, जप करत फिरावं म्हणून केलेली ही वाट. म्हणजे इमारतीचा प्रकारच असा की भर उन्हाच्या शेजारी गडद सावली, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक खांब. फोटोसाठी याहून कठीण जागा मिळणं मुश्कील, आणि फोटोग्राफीच्या पहिल्या वीस वर्षांतल्या भल्या भल्या लोकांनी मुद्दाम हीच जागा निवडली.

ल ग्रे आणि मेस्त्राल तिथे हौसेनं गेले नव्हते. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी १८३७ साली एक आयोग नेमलेला होता आणि प्रॉस्पेर मेरिमे हा लेखक त्या खात्याचा महानिरीक्षक होता. कोणती इमारत आधी दुरुस्तीला घ्यायची हे ठरवायला आयोगाला कागदपत्रं हवी होती. चित्रकाराचं रेखाटन म्हटलं की त्यात त्याचा हात येतो, म्हणून १८५१ मध्ये पाच फोटोग्राफर देशभर पाठवले: ल ग्रे, मेस्त्राल, एदुआर बाल्द्यूस, आंरी ल सेक आणि इपोलित बायार. ‘मिसिआँ हेलिओग्राफिक’ म्हणतात ती हीच मोहीम. चौघांनी कागदावर निगेटिव्ह केली, एकट्या बायारनं काच वापरली, आणि नेमकं त्याचंच काम पुढे मिळालं नाही. बाकीच्यांचं आयोगाच्या कपाटात गेलं. फोटो छापून लोकांपुढे यावेत अशी फोटोग्राफरांची इच्छा असणारच, पण आयोगाला फक्त पुरावा हवा होता. या फोटोंमधला साधेपणा तुला भावतो ना, त्याचं अर्धं श्रेय या सरकारी गरजेला आहे. भिंत कुठे फुगली आहे, कुठला खांब कलला आहे हे दिसलं पाहिजे, हा हुकूम होता.

आता कागदाचं सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. ल ग्रेनं स्वतःची एक रीत बसवली होती. पातळ, एकसारखा कागद घ्यायचा, त्यावर मेण वितळवून गरम इस्त्रीनं मुरवायचं, इतकं की कागद आरपार दिसायला लागला पाहिजे. मग आयोडाइडच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, अंधारात सिल्व्हर नायट्रेटमधून काढायचा, धुवायचा, पुन्हा वाळवायचा. असा कागद पंधरवडाभर टिकायचा आणि फोटो घेतल्यावरही लगेच डेव्हलप करायची सक्ती नव्हती. त्यामुळे गावोगाव फिरणाऱ्या माणसाला रसायनांचं सगळं बिऱ्हाड प्रत्येक मठाच्या दाराशी मांडावं लागत नसे. रात्री मुक्कामी पोचून गॅलिक ॲसिडमध्ये कागद ठेवायचा, तासन्‌तास वाट बघायची, मग चित्र पक्कं करायला हायपो. प्रिंट काढायचा तो निगेटिव्ह कागदावर ठेवून, उन्हात. जेवढी निगेटिव्ह तेवढाच प्रिंट. म्हणून कॅमेरे पेटीएवढे मोठे.

या कागदाला रंग दिसत नव्हते, आणि हे तू नीट डोक्यात ठेव. त्याला निळा आणि जांभळा उजेड तेवढा कळायचा. हिरवा जेमतेम, लाल अजिबात नाही. म्हणून त्या काळच्या फोटोत आभाळ कोरं पांढरं असतं, झाडं काळीभोर असतात, आणि विटांची भिंत प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गडद येते. तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की ‘तेव्हा मठ उदास आणि पडका होता, फोटोतून जाणवतं.’ थोडं थांब. ती उदासी दगडाची किती आणि कागदाची किती, हे आधी वेगळं कर. एक प्रयोग करून बघ. तुझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर म्वासाकचा एक रंगीत फोटो घे आणि त्यातला फक्त निळा चॅनल ठेवून कृष्णधवल कर. चौकातलं गवत काळवंडेल, आभाळ नाहीसं होईल, आणि तुला वाटेल की तू १८५१ मध्ये पोचलीस. दुपार मात्र तीच असेल, तुझी.

दुसरी गोष्ट वेळेची. उन्हात काही मिनिटं आणि सावलीत त्याच्या कितीतरी पट, असं त्यांचं एक्स्पोजर. तासाभरात सूर्य पंधरा अंश सरकतो. म्हणजे उन्हाची कड खांबावर एका जागी राहतच नाही, ती पुसट होत जाते आणि सावलीत थोडा थोडा उजेड झिरपतो. जुन्या फोटोत ओवरीच्या आत जो मऊपणा आहे तो काही अंशी कागदाच्या तंतूंचा आणि काही अंशी या सरकत्या उन्हाचा. तू सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ते मागत होतीस. ट्रायपॉड लाव, उजेड अडवणारी काळी एन. डी. काच चढव आणि वीस मिनिटं उघडं ठेव. माणसं आली तरी येऊ देत. ती चालत राहिली तर फोटोत उमटणारच नाहीत. त्या काळच्या फोटोतले मठ निर्मनुष्य दिसतात त्याचं एक कारण हेही आहे.

आणि मेघ आले तर बॅग उचलून निघू नकोस. ढगाळ दिवशी चौक आणि ओवरी यांच्यातली दरी निम्म्यानं बुजते.

बाल्द्यूसनं हा पेच वेगळ्याच रीतीनं सोडवला, त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहू दे, कारण वर्षानुवर्षं मी ते चित्र बघत आलोय. आर्लमधल्या सँ-त्रोफिमची ओवरी. बाराव्या शतकातलं कोरीवकाम, वर दगडी कमान-छत, बाजूच्या कमानींमधून दिसणारा चौक. बाल्द्यूसच्या फोटोत जवळच्या खांबावरची नक्षी स्पष्ट, लांबचा कोपरा स्पष्ट, छताचा दगड स्पष्ट, आणि बाहेरचा चौकही जळलेला नाही. त्या काळच्या एका भिंगातून, एका कागदावर हे होणं शक्यच नव्हतं. त्यानं दहाएक निगेटिव्ह घेतली, दर वेळी एकेका भागासाठी फोकस आणि वेळ साधून. मग कागद कापले, कडेला कड लावून जोडले आणि ब्रशनं सांधे झाकले. तो मूळचा चित्रकार, हाताला ब्रशची सवय होतीच. कागदी निगेटिव्हचा हा एक फायदा, ती कात्रीनं कापता येते. पुढच्या वेळी त्याचा चांगला मोठा स्कॅन मिळव आणि सांधे शोध. ते मोकळ्या भिंतीवर सापडणार नाहीत. खांबाची कड, कमानीची रेघ, जिथे दगडच दगडाला भिडतो तिथे त्यानं कागदाला कागद भिडवलाय. गवंड्यानं जोड कुठे घेतला हे ज्याला कळतं, त्याला बाल्द्यूसचा जोड सापडतो.

मग हा फोटो खोटा का? यावर माझं मत बनायला वेळ लागला. मी विशीत एका ठिकाणी डार्करूममध्ये उमेदवारी करत होतो. एका देवळाची जुनी काचेची निगेटिव्ह छपाईला आली. आभाळ कोरं, म्हणून मी दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग त्यात छापून दिले. सगळ्यांनी वाखाणलं. डार्करूमचे वयस्कर प्रमुख तेवढे प्रिंट उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘सावली एवढी धारदार आहे, त्या दिवशी डोक्यावर ढग नव्हते रे.’ तो प्रिंट तोवर छापखान्यात गेला होता. आजही कुठल्या तरी अंकात ते ढग आहेत, आणि ज्या कुणी ते खरे धरले असतील त्यांची मला रुखरुख आहे.

बाल्द्यूसनं जोडलेला प्रत्येक तुकडा त्याच ओवरीतला आहे. तू तिथे उभी राहिलीस तर तुझे डोळेही तेच करतात. आधी अंधाराला सरावतात, मग बाहेर बघताना बाहुली आकसते, आणि मन ते सगळं जोडून ‘मी ओवरी पाहिली’ म्हणतं. म्हणून त्याचं चित्र मी खरं मानतो आणि माझे ढग खोटे मानतो. तुला वेगळं वाटत असेल तर वाद घाल माझ्याशी, पण आधी सांधे शोधून मग.

तुला अजिंठ्याची आपली सहल आठवते? एक नंबरच्या लेण्यात शिरल्यावर तू म्हणालीस, ‘सर, काहीच दिसत नाहीये,’ आणि मी पाच मिनिटं कुणाला कॅमेरा उघडू दिला नाही. तोही मठच. मधे मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या, उजेड फक्त पुढच्या दारा-खिडक्यांतून. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात तिथे चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं राबला. त्याची बरीचशी चित्रं १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. १८६० च्या दशकात त्यानं लेण्यांचे जोडफोटो काढले, स्टिरिओ पेटीतून बघायचे. पाच मिनिटं थांबल्यावर भिंतीतून हळूहळू वर आलेले ते चेहरे आठवून ओवरीत बस. युरोपातली ओवरीही तेवढीच सबुरी मागते.

एकदा इंग्लंडला जा. लेकॉक नावाचं खेडं आहे विल्टशरमध्ये, तिथे भिक्षुणींचा मठ होता, १२३२ मध्ये एला या सरदारीणबाईंनी स्थापलेला. आठव्या हेन्रीनं १५३९ मध्ये तो बंद केला. ज्यानं विकत घेतला त्यानं चर्च पाडलं आणि ओवऱ्या तशाच ठेवून त्यांच्यावर राहतं घर केलं. तीनशे वर्षांनी त्या घराचा मालक होता विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. त्यानं ऑगस्ट १८३५ मध्ये त्या घरातल्या एका जाळीदार खिडकीचं निगेटिव्ह केलं, आणि जगात शिल्लक असलेल्या निगेटिव्हपैकी ते सगळ्यात जुनं. टपालाच्या तिकिटाहून किंचित मोठं, फिकट जांभळट. काचेचे दोनशेच्या आसपास तुकडे त्यात भिंगानं मोजता यायचे, असं त्यानं शेजारी लिहून ठेवलंय. कॅमेरे म्हणजे छोट्या लाकडी पेट्या, इकडे तिकडे ठेवलेल्या. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची.

त्या खिडकीपाशी मी उभा राहिलो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खिडकी मध्ययुगीन नाही बरं का, टॅल्बटनंच ती बसवून घेतली होती. पण खाली ओवऱ्या आहेत, पंधराव्या शतकातल्या, दगडी छताच्या, आणि पुढे टॅल्बटनं त्यांचेही फोटो काढले. १८४४ ते १८४६ मध्ये भागाभागानं निघालेल्या त्याच्या पुस्तकात चोवीस फोटो आहेत आणि त्यात लेकॉकची ओवरीही आहे. मठाचे फोटो काढायला बाहेरून कुणी आलं असं झालं नाही, फोटोची निगेटिव्हच मुळी एका मठात जन्मली. ज्या अंधाऱ्या वाटेनं भिक्षुणी फिरायच्या तिच्या डोक्यावर, एका खोलीत. हे तुला अभ्यासक्रमात कुणी सांगणार नाही.

इंग्लंडमधले बाकीचे बरेच मठ भग्न आहेत. रॉजर फेंटननं १८५४ मध्ये यॉर्कशरमधल्या रीवो मठाचे फोटो काढले, काचेवर, कलोडियन या चिकट द्रवाच्या ओल्या थरानं. काच ओली असेपर्यंत सगळं उरकायचं, म्हणजे डार्करूम जवळच हवी. पण त्याला एक सोय होती. हेन्रीच्या माणसांनी छपराचं शिसं काढून नेलं, छप्पर गेलं, आणि जिथे अंधार असायचा तिथे गवत आणि ऊन आलं. इंग्रजांच्या मठांचे फोटो एवढे मोकळे, हवेशीर का दिसतात याचं उत्तर त्या लुटीत आहे. फ्रान्समधल्या ओवऱ्यांवर छप्पर राहिलं, म्हणून बाल्द्यूसला कात्री घ्यावी लागली. फेंटन आणि बाल्द्यूस यांची तुलना करताना हे विसरू नकोस. त्यांच्या स्वभावाबद्दल बोलण्याआधी छपराबद्दल बोल.

फ्रेडरिक एव्हान्सबद्दल तू विचारलंस. तो पुढच्या पिढीतला, पुस्तकविक्रेता, आणि त्याचे प्लॅटिनम प्रिंट अप्रतिम. वेल्स कॅथीड्रलच्या जिन्याचा त्याचा १९०३ चा फोटो सगळ्यांना माहीत असतो, पण वेल्स हा मठ नव्हता. तू त्याचं ग्लॉस्टर आणि ईली बघ, ती मुळात बेनेडिक्टाइन पंथाच्या मठांची चर्चं. तो एकेका ठिकाणी आठवडेच्या आठवडे मुक्काम करायचा. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम महागलं, कागद मिळेनासा झाला आणि त्यानं काम जवळपास थांबवलं. दुसऱ्या कागदावर त्याला ते करायचं नव्हतं.

आता पुढच्या खेपेचं. शार्ल नेग्र म्हणून ल ग्रेचा एक शिष्य होता, मोहिमेत त्याला घेतलं नव्हतं. तो १८५२ मध्ये स्वतःच्या खर्चानं दक्षिणेत गेला, सँ-त्रोफिमच्या त्याच ओवरीत उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की वास्तुकारासाठी सगळी इमारत सरळ, मोजता येईल अशी दाखवावी, शिल्पकारासाठी बारीक काम जवळून घ्यावं, आणि चित्रकारासाठी उजेडाचा परिणाम पकडावा. तुझ्या बारा प्रिंटमध्ये पहिले दोन प्रकार नाहीतच, सगळे तिसऱ्यातले. तू वास्तुकलेची विद्यार्थिनी आहेस, हे मला खटकलं. म्वासाकला शहात्तर स्तंभशीर्षं आहेत, एक खांब एकटा, पुढचा जोडीचा, अशा क्रमानं. एक निवड आणि त्याच्यापुढे पूर्ण दिवस घालव. पश्चिमेच्या ओवरीत मधल्या चौकोनी खांबावर लेख आहे, ११०० साली ॲबट म्हणजे मठप्रमुख आन्सकितिलच्या काळात ही ओवरी झाली असं सांगणारा. तिथे सकाळी बस, पूर्वेचं ऊन चौक ओलांडून थेट आत येतं. दुपारी पूर्वेच्या बाजूला जा. चर्च दक्षिणेला आहे, त्यामुळे दक्षिणेच्या ओवरीत ऊन शिरत नाही, तिथे फक्त चौकातून परतलेला उजेड असतो आणि तो खालून वर येतो. ही शीर्षं चालत्या माणसानं मान वर करून बघावीत अशी कोरलीत. खालून आलेल्या उजेडात त्यांच्या आकृत्यांचे चेहरे उजळतात. हे एकदा डोळ्यानं बघितलंस की जुन्या फोटोतल्या सावल्यांवरून तो किती वाजता घेतला असेल, हेही तुला सांगता येईल.

कमानींनाही एकदा निरख. त्या तेराव्या शतकात पुन्हा बांधलेल्या, टोकदार. खालची शीर्षं जुनी, वरचं नंतरचं. ल ग्रेच्या फोटोतही हा फरक दिसतो, पण मुद्दाम बघितलं तरच.

आणि फोटोच्या कडा कापू नकोस. सातव्या प्रिंटची डावी बाजू तू कापलीस, तिथे काहीतरी कुरूप असणार, पाइप किंवा पाटी. असू दे. पुढच्या माणसाला तीच लागेल. फ्रान्समधल्याच क्लूनी मठाचं चर्च बांधायला १०८८ मध्ये सुरुवात झाली, एकशे सत्याऐंशी मीटर लांब, रोममधलं नवं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे दगड विकायला काढले आणि १८२३ पर्यंत ते जवळपास संपलं, उरला एक मनोरा आणि थोडा भाग. टॅल्बटची पहिली निगेटिव्ह त्यानंतर बारा वर्षांनी. बारा वर्षांनी हुकलं, बाळ. कुणी हातानं काढलेली चित्रं आणि जमिनीखालचे पाये, एवढ्यावरच आता त्याचा अंदाज बांधायचा.

म्वासाकचंही तसंच होणार होतं. बोर्डोकडून येणारा लोहमार्ग आखला तेव्हा मठ त्याच्या वाटेत आला. ओवरी वाचली, पण उत्तरेचं भिक्षूंचं जेवणघर पाडलं. तू तुलूझहून ज्या गाडीनं मठात गेलीस आणि परतताना जी गाडी चुकवलीस, ती त्याच रुळांवरून धावते. तुझ्या एकाही प्रिंटमध्ये उत्तरेची बाजू नाही. पुढच्या रविवारी तिथे ट्रायपॉड लाव, वीस मिनिटांचं एक्स्पोजर सुरू कर, आणि मधेच गाडी गेली तर फरशी हलते का, निगेटिव्हमध्ये ते येतं का, हे मला कळव.

थंडीत हातमोजे घाल, रसायनांनी तुझी बोटं आधीच फुटली असतील.

तुझे,
सर

पुणे

ता. क. प्रिंट परत पाठवत नाही. सातव्याचा न कापलेला तेवढा पाठव.